गणपतीच्या कारखान्यातलं व्हायोलिन

२० ऑक्टोबर २०२४ रोजी पेणला झालेल्या व्हायोलिनच्या बैठकीचा एकूण खर्च ६,४७५ रुपये आला. साठ खुर्च्यांचं भाडं, चहा-बिस्किटं, छापलेली पत्रकं आणि रोह्याहून चेलो आणायला केलेला टेम्पो, सगळं त्यात धरलं आहे. जे नुकसान झालं ते या आकड्यात नाही. ते कुठल्या खात्यात टाकायचं हे इलियासभाईंना त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

इलियास मुकादम रोह्याचे. वय छप्पन्न. बाजारातून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान आहे. गॅस भरणे, कॉम्प्रेसर बदलणे, पावसाळ्यात बुरसलेली वायरिंग काढणे, ही कामं. दुकानाच्या वर एक खोली आहे आणि तिथून रविवारी दुपारी जो आवाज येतो, त्याची सवय व्हायला शेजाऱ्यांना दोन वर्षं लागली.

हा आवाज त्यांच्या आयुष्यात आला तेव्हा ते मस्कतमधल्या एका हॉटेलात एसी मेंटेनन्सला होते. एका संध्याकाळी लॉबीवरच्या छताच्या पोकळीत पोटावर झोपून ते गळका पाइप बांधत होते, आणि खाली संगीत सुरू झालं. जाळीतून पाहिलं तर चार माणसं लहानमोठी व्हायोलिनं घेऊन अर्धगोलात बसलेली. समोर काठी हलवणारा कुणी नाही. माइक नाही, ढोल नाही. एकाने नुसती मान हलवली आणि चौघे एकदम सुरू झाले. मग एक थांबला, दुसऱ्याने त्याचं बोलणं पुढे नेलं, तिसऱ्याने मध्येच हटकलं, चौथा खालून हुंकार देत राहिला. संध्याकाळी ओट्यावर चार जुने मित्र बसावेत तसं. इलियासभाईंच्या हातातला पाना हातातच राहिला. पाइप गळत होता आणि खाली एका अरबाच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर थेंब पडत होते, याचं भान त्यांना आरडाओरड झाल्यावर आलं. सुपरवायझरने अर्ध्या दिवसाचा पगार कापला. खोलीवर येऊन सोबत्यांना ते एकच सांगत राहिले, "चौघांत साहेब कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाय रे."

त्या चौघांतला सर्वांत म्हातारा योन नावाचा रोमानियाचा माणूस होता. त्याच्या खोलीतला एसी इलियासभाईंनी दोनदा फुकट दुरुस्त केला आणि बदल्यात दर शुक्रवारी व्हायोलिन शिकायला सुरुवात केली. पाना धरून जाड झालेली बोटं तारांवर नीट पडायलाच वर्ष गेलं. योन दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायचा. आपलं वाजवताना दुसऱ्याचं ऐकायचं, ही एक. आणि ज्या खोलीत वाजवायचं तिथे वाद्याने आदली रात्र काढली पाहिजे, लाकडाला तिथली हवा लागली पाहिजे, ही दुसरी. पहिली गोष्ट इलियासभाईंना कधी पुरती जमली नाही. दुसरी मात्र त्यांनी कधी चुकवली नाही.

योन मायदेशी परतला तेव्हा आपलं जुनं व्हायोलिन यांना देऊन गेला. शंभरेक वर्षांचं असावं. हनुवटी टेकते तिथलं वॉर्निश उडून लाकूड उघडं पडलं होतं, हात घासून एक बाजू काळवंडली होती, कडेला केसाएवढी बुजवलेली चीर होती. आवाज मात्र असा, की हळू वाजवलं तरी भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा.

गावी परतल्यावर वाजवायचं कुणाबरोबर, हा प्रश्न होता. हळदीत वाजवणाऱ्या एका पार्टीने बोलावलं म्हणून एकदा गेले. स्पीकरच्या भिंतीपुढे बसून रात्रभर वाजवलं आणि स्वतःचं व्हायोलिन स्वतःला एकदाही ऐकू आलं नाही. पैसे चांगले मिळाले. पुन्हा गेले नाहीत. त्यांना एक खोली हवी होती, दोन-तीन वाजवणारी माणसं हवी होती, आणि हाताच्या अंतरावर गप्प बसून ऐकणारे लोक. त्यांची बायको रहिमा म्हणायची, "फ्रिजवाले मुकादम कुठं राहतात म्हटलं तर कोण पण घर दाखवेल. वाजवणारे मुकादम विचारलं तर वेड्यात काढतील."

पुढे ऋतुजा ठोसर फ्रिजमुळे मिळाली आणि हर्षद कडू एसीमुळे. ऋतुजा पेणच्या एका शाळेत गणित शिकवते. लहानपणापासून मांडी घालून आपल्या पद्धतीचं व्हायोलिन शिकलेली. तिच्या घरचा फ्रिज उघडून बसलेले इलियासभाई भिंतीवरचं व्हायोलिन बघून काम विसरले. हर्षद धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. त्याने मुंबईहून जुना चेलो, म्हणजे गुडघ्यांत उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, हौसेने आणला होता आणि कोपऱ्यात उभा केला होता. "हे काय ठेवलंय?" असं न विचारणारा हा पहिलाच एसीवाला, म्हणून त्याने चहा केला.

तीन वर्षं तिघे दुकानाच्या वर बसून वाजवत राहिले. दोन व्हायोलिनं आणि एक चेलो, एवढ्यासाठी लिहिलेल्या जुन्या परदेशी रचना. भांडणं व्हायची, ती एकाच गोष्टीवरून.

"भाई, तुम्ही एकटेच बोलता," ऋतुजा म्हणायची. "आम्ही दोघं काय हो ला हो करायला बसलोय?"

"पहिलं व्हायोलिन हाय ते. वर राहणारच."

"वर राहा हो. आमच्या डोक्यावर नका बसू."

हर्षद रात्रपाळी करून आलेला असला तर वाजवता वाजवता डोळे मिटायचा आणि तरी चुकायचा नाही.

घराघरांत दोनदा वाजवून झालं. एकदा ऋतुजाच्या हॉलमध्ये, नऊ माणसांपुढे. मधल्या संथ भागात कुकरने शिट्टी दिली आणि कुणीतरी "दोन झाल्या" म्हणालं. पण एक रीतसर बैठक करायची, खुर्च्या मांडून, पत्रक छापून, माइकशिवाय, हे इलियासभाईंच्या मनात मस्कतपासून होतं. सभागृहं बघितली. कुठे पंख्यांची घरघर, कुठे पत्रा. शेवटी जागा सापडली ती कान्हूदादांच्या कारखान्यात.

पेणमध्ये नुसतं कारखाना म्हटलं की गणपतीचा. कान्हू म्हात्रे त्यात वयाच्या दहाव्या वर्षापासून रंगवतात. आता साठी ओलांडली. ऐन गणपतीच्या तोंडावर त्यांच्या रंगाच्या स्प्रे गनचा कॉम्प्रेसर बसला होता. मूर्ती रांगेत उभ्या, गाड्या बुक झालेल्या, आणि गनला हवाच नाही. इलियासभाईंनी रोह्याहून येऊन तो तीन तासांत सुरू करून दिला. तेव्हापासून कान्हूदादा त्यांना घरचाच माणूस मानत. दसऱ्याच्या आधी ऑइल बदलायला गेले तेव्हा देवीच्या मूर्तीही गेलेल्या, कारखाना मोकळा. उंच छप्पर, भिंतींना लाकडी फळ्या, सगळीकडे शाडूची मऊ धूळ. इलियासभाईंनी मध्यभागी उभं राहून टाळी वाजवली. आवाज गोल फिरून जागच्या जागी विरला.

"मच्छर मारता काय?" कान्हूदादांनी विचारलं.

"कान्हूदादा, हितं बैठक करू द्याल?"

"करा की. बाप्पा गेले, कारखाना मोकळाच हाय. पन माझ्या कारखान्यात माणसं बघायला येणार म्हणजे सगळं चकाचक पायजे. आधीच सांगतो."

शनिवारी तिघांनी तिथे तालीम केली. संध्याकाळी निघताना इलियासभाईंनी व्हायोलिनची पेटी मधल्या फळीवर ठेवली आणि झाकण उघडं टाकलं.

"ही आज हितंच राहील. हवा लागायला पायजे हिला."

कान्हूदादा जवळ आले. व्हायोलिन त्यांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. उघड्या पडलेल्या लाकडावरून त्यांनी अंगठा फिरवला, मग चिरेवरून.

"रंग गेलाय हो ह्याचा."

"जुनं हाय."

"उद्या लोक बघनार ना ह्याला?"

"साठ माणसं," इलियासभाई अभिमानाने म्हणाले आणि स्टेशनकडे निघाले. गाडीत कासूपासून निडीपर्यंत त्यांची बोटं गुडघ्यावर उद्याच्या जागा वाजवत होती.

रविवारी सकाळी ते परत आले तेव्हा कान्हूदादा दारातच उभे. नवा शर्ट, केस चापून बसवलेले, चेहरा उजळलेला.

"डोळे मिटा," ते म्हणाले.

"काय?"

"मिटा हो!"

इलियासभाईंनी डोळे मिटले. कान्हूदादांनी त्यांना दंडाला धरून आत नेलं आणि थांबवलं. "आता उघडा."

फळीवर पांढऱ्या रुमालावर एक व्हायोलिन होतं. एखाद्या पोराचं खेळणं आणून ठेवलंय असं इलियासभाईंना वाटलं. गणपतीच्या अंगाला असतो तो गोरा, गुलाबीसर बॉडी कलर. कडेने सोनेरी काठ, पितांबराला असतो तसा. पोटावरच्या दोन वळणदार फटींभोवती सोन्याची बारीक रेघ, एका हाताने, न थरथरता ओढलेली. मानेच्या टोकाला, जिथे लाकूड गुंडाळलं जातं तिथे, छोटंसं लाल कमळ. वरून वॉर्निश. सगळं असं चमकत होतं, की खिडकी त्यात दिसत होती.

मग त्यांची नजर तारांवर गेली. खालच्या टोकाला हिरवा रेशमी धागा होता. तो त्यांनीच गेल्या महिन्यात बसवलेल्या तारांचा होता.

त्यांनी फळीचा खांब धरला.

"तारांना कागद लावलावता," कान्हूदादा सांगत होते. "एक थेंब पडू दिला नाय. काल तुम्ही गेलात नि लगेच बसलो. चिरेत पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमरचे दोन हात, मग बॉडी कलर. आणि गन काय चालली हो तुमच्या कॉम्प्रेसरवर! एक नंबर!"

"पॉलिश पेपर," इलियासभाई म्हणाले. तोंडातून तेवढंच निघालं.

"मारला ना. सगळीकडून. जुना रंग तसाच ठेवला तर नवा धरत नाय, फुगतो."

शंभर वर्षांचं वॉर्निश धूळ होऊन जमिनीवर पडलं असणार. इलियासभाईंनी खाली पाहिलं. कारखाना झाडून लख्ख केलेला होता.

चहा घेऊन आलेल्या विमलबाई, कान्हूदादांच्या पत्नी, दारातच थबकल्या. पाहुण्याचा चेहरा त्यांनी आधी वाचला. "मी सांगत होते ह्यांना, फोन तरी करा. तर बोलतात, बाप्पाला इचारून रंगवतो काय?"

"मग! माझ्या कारखान्यातून बिनरंगाचं कधी काय बाहेर गेलंय? लोकांपुढे तसंच बसवायचं, माझ्या छपराखाली?"

त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघून इलियासभाईंना ओरडायचं होतं. ओरडता येईना. तोंड उघडलं की कान्हूदादांची ती सोनेरी रेघ दिसे. अशी रेघ ओढायला किती वेळ श्वास रोखावा लागतो, हे कॉम्प्रेसर दुरुस्त करताना त्यांनी पाहिलं होतं.

तेवढ्यात ऋतुजा आणि हर्षद आले. ऋतुजाने तोंडावर हात ठेवला. हर्षद "अरे देवा" म्हणाला आणि एकदम हसायला लागला. हसू थांबेना, तेव्हा तो बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

कान्हूदादा खुर्च्या उतरवायला गेल्यावर इलियासभाईंनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. वाद्याची मान अजून रंगाने चिकट होती. त्यांनी गज ओढला. तोंडावर रुमाल दाबून कुणी बोलावं तसा आवाज आला. आणखी जोर लावला; रुमाल तसाच.

"माझं घ्या," ऋतुजा म्हणाली. "तुमचं मी वाजवते, दुसऱ्या व्हायोलिनला हळूच असतं."

करून बघितलं. पण ऋतुजाचा हात मींडेचा. अंगठा मानेवरून घसरत जायला हवा, तो चिकट रंगात जागोजागी अडकला. तिने निमूटपणे व्हायोलिन परत दिलं.

"मग मी वाजवतच नाही. तुम्ही माझ्यावर वाजवा, मी ऐकते."

"तिघांसाठी लिहिलंय ते," इलियासभाई म्हणाले. "दोघांनी काय करायचं?"

"पुढे ढकलू या, भाई," हर्षद म्हणाला. "लोकांना सांगू, तब्येत बरी नाही."

इलियासभाईंनी बाहेर पाहिलं. खुर्च्या आल्या होत्या. कान्हूदादा त्यातली एक-एक फडक्याने पुसत होते आणि शेजारच्या कारखानदाराला सांगत होते, "आत बघ जाऊन. वायलीन बघ. मी केलंय." मस्कतपासून मनात धरलेली संध्याकाळ काही तासांवर होती. आज रद्द केली तर का केली, हे या गल्लीत आज ना उद्या कळणार होतं.

"वाजवू," ते म्हणाले. पण कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सहा वाजता खुर्च्या भरल्या. शाळेतले शिक्षक, कारखान्यातली पोरं, हर्षदचे शिफ्टवाले, रोह्याहून आलेली रहिमा आणि तिच्या दोन बहिणी. व्हायोलिन दिसताच कौतुकाची कुजबुज उठली. पहिल्या रांगेत कान्हूदादा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

पहिली रचना वाईट गेली. इलियासभाई नेहमीसारखे पुढे धावले आणि मागे कुणी नाही असं झालं. जेवढा गज दाबावा तेवढा आवाज करकरे, मोठा होईना. चेलो आणि दुसरं व्हायोलिन त्यांच्यावरून निघून जात होती. घाम डोळ्यांत उतरला. मागच्या रांगेत कुणीतरी स्पष्ट विचारलं, "हे मधले काका वाजवतायत ना?" टाळ्या पडल्या, त्या जेवढ्यास तेवढ्या.

दुसऱ्या रचनेच्या आधी त्यांनी सूर जुळवायच्या निमित्ताने मान खाली घातली. आता उठावं आणि माफी मागून निघून जावं, एवढंच डोक्यात होतं. तेव्हा हर्षद शेजारून पुटपुटला, "भाई, तुम्ही दाबू नका. आम्ही खाली येतो."

त्याने सुरू केलं ते इतकं हळू, की गज तारेवर आहे की नाही कळेना. ऋतुजा त्याच्याही खाली गेली. विमलबाई उठल्या आणि त्यांनी दोन्ही पंखे बंद केले. साठ माणसं पुढे झुकली. खुर्च्या करकरल्या आणि मग त्याही गप्प झाल्या. त्या शांततेत बॉडी कलर लावलेलं व्हायोलिन ऐकू यायला लागलं. आवाज तोच, दबलेला, पण आता त्यासाठी जागा झाली होती.

आणि मग इलियासभाईंना धक्का बसला. सकाळच्याहून वेगळा, पण तितकाच जोराचा. मधल्या संथ भागात त्यांच्या सुरावटीच्या खाली चेलो काहीतरी विचारत होता. चार सुरांचा एक छोटा प्रश्न. हर्षद तो शेवटी किंचित लांबवत होता, उत्तरासाठी थांबल्यासारखा. तीन वर्षं ही रचना ते वाजवत होते. दर रविवारी तो प्रश्न तिथे होता आणि दर रविवारी ते त्याच्यावरून गाडी नेत होते. त्यांचा गज क्षणभर थांबला. हर्षदने डोळे उघडले. इलियासभाईंनी त्याच्याकडे बघितलं, प्रश्न पुरा होऊ दिला आणि मग उत्तर दिलं. ऋतुजाने तो धागा उचलला. पुढे कुणी मान हलवली आणि कुणी सुरू केलं, ते तिघांनाही नंतर सांगता आलं नाही.

संपल्यावर कुणी टाळी वाजवेना. मग कारखान्यातल्या एका पोराने "संपलं काय?" विचारलं आणि सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या, बराच वेळ.

चहा चालू असताना कान्हूदादा आले. "बघितलात? लोकांची नजर हलत नव्हती वायलीनवरून. वाकून वाकून बघत होते."

"व्हय," इलियासभाई म्हणाले.

"हाताचे पैसे घरच्या मानसाकडून घेत नाय मी. पन रंगाचे द्यावे लागतील. एकशे ऐंशी. आमच्यात तसंच हाय. रंगाचे पैसे फिटले नाय तर मूर्ती कारखान्याचीच राहते, नेणाऱ्याची होत नाय."

इलियासभाईंचा हात खिशाकडे गेला. पाकिटात पैसे होते. हात तसाच थोडा वेळ खिशात राहिला आणि रिकामा बाहेर आला.

"देतो," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत रहिमा मांडीवरच्या पेटीकडे बघत राहिली. नागोठणे गेल्यावर म्हणाली, "आवाज आता असाच राहणार?"

"असाच."

"आज पहिल्यांदा मला तिघं ऐकू आले," ती म्हणाली. इलियासभाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि रोहा येईपर्यंत वळवलं नाही.

मुंबईतल्या एका दुरुस्तीवाल्याला त्यांनी नंतर व्हायोलिन दाखवलं. त्याने ते उलटसुलट केलं, टिचकी मारून बघितली आणि म्हणाला, रंग निघेल, पण खालचं होतं ते गेलंय, ते परत यायचं नाही. इलियासभाईंनी ते तसंच पेटीत ठेवून आणलं. योनचा नंबर त्यांच्याकडे आहे. त्याला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. फोटो पाठव म्हणाला तर काय, या भीतीने.

त्यानंतर तिघांनी रोह्यात दोनदा, नागोठण्याला एकदा बैठक केली. पंखे बंद ठेवतात, खुर्च्या जवळ लावतात. कान्हूदादा प्रत्येक वेळी येतात, पहिल्या रांगेत बसतात, आणि निघताना काठाचा सोनेरी रंग कुठे उडालाय का ते बघून जातात. गेल्या वेळी म्हणाले, "पैसे नाय दिलेत तुम्ही. तवर ते माझंच हाय, लक्षात ठेवा."

इलियासभाईंच्या लक्षात आहे, म्हणूनच रंगाचे एकशे ऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.